शेताची वाट वेळेवर ठरवा



रोवणीला पऱ्ह्याच्या पेंढ्या डोक्यावरून नेता येतात. पण धान कापल्यावर भारे कोठून काढाल? पूर्वी बैलबंडीपुरती वाट चालत असे. आता ट्रॅक्टर आणि कापणीयंत्र आले. शेजाऱ्याने वाट नांगरली, की हाती आलेले पीक शेतातच अडकते. म्हणून आज शेतरस्त्याविषयी थोडे बोलू.

पहिली गोष्ट, गावनकाशा पाहा. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात तो बघायला मिळतो. नकाशात पांदण असेल, तर ती कोणा एकाची नव्हे. तिच्यावर अतिक्रमण झाले असल्यास तहसीलदारांकडे अर्ज करा.

दुसरी गोष्ट, शेताला वाटच नसेल तर काय? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४३ खाली तहसीलदारांकडे वाट मागता येते. मात्र ही वाट धुऱ्याधुऱ्याने मिळते, शेजाऱ्याच्या बांधीच्या मधून नव्हे. अर्जाला सातबारा आणि हाताने काढलेला कच्चा नकाशा जोडा. ज्यांच्या धुऱ्यावरून वाट हवी, त्यांची नावे व गट क्रमांक लिहा. निर्णय मान्य नसेल, तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो.

तिसरी गोष्ट नीट ध्यानात ठेवा. चालू वाट कोणी अडविली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५ खाली दाद मागायची असते. मुदत अडविल्यापासून फक्त सहा महिने! 'यंदा जाऊ द्या, पुढच्या हंगामात पाहू' असे म्हणता म्हणता ही मुदत निघून जाते. तेव्हा वाट बंद झाली, की तारीख लिहून ठेवा आणि लगेच तहसील गाठा.

आता वाट कोठे काढावी? आपला मुलूख धानाचा. वरच्या बांधीचे पाणी खालच्या बांधीत उतरते. वाटेच्या भरावाने ते अडले, तर एकाचे पीक सडेल आणि दुसऱ्याचे वाळेल. म्हणून पाण्याच्या जागी नळा टाका. डांबरी सडकेला जोडताना बाजूची नाली बुजवू नका, तेथेही नळा हवा. वळणावर तोंड काढू नका, दोन्हीकडची वाहने दिसतील अशी जागा निवडा. सडक जिल्हा परिषदेची की बांधकाम विभागाची, हे विचारून आधी परवानगी घ्या.

मे २०२५ मध्ये शासनाने शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद ठेवण्याविषयी व त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घेण्याविषयी निर्णय काढला आहे. वाट मिळाली, की ही नोंद अवश्य करून घ्या. आज शेजारी भला आहे. उद्या जमीन विकली गेली, तर नवा मालक तोंडी शब्द मानेलच असे नाही.

मात्र कचेरीत जाण्याआधी शेजाऱ्याच्या ओसरीवर एकदा बसा. उन्हाळ्यात बांध्या कोरड्या असतात. तेव्हाच दोघांनी धुऱ्यावर उभे राहून वाट आखा, पंचांसमोर लिहून घ्या. पावसाळा लागला, की ना वाट दिसते, ना कोणाला बोलायला सवड असते.

राम राम.