जेवणाचं ताट आणि औषधांना न जुमानणारे जंतू

अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू केवळ गोळ्यांच्या अतिवापरामुळेच फोफावतात, असं आपण धरून चालतो. पण जेवणाचाही याच्याशी संबंध दिसतो. अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञांनी सुमारे 290 निरोगी प्रौढांच्या आतड्यातल्या जंतूंची जनुकं तपासली. 2022 मध्ये निष्कर्ष आले. ज्यांच्या खाण्यात तंतुमय पदार्थ जास्त आणि गोमांस, डुकराचं मांस कमी, त्यांच्या आतड्यात औषधांना विरोध करणारी जनुकं कमी आढळली. शिवाय त्यांच्याकडे प्राणवायूशिवाय जगणारे जंतू अधिक होते. पाण्यात विरघळणारे तंतू हे या जंतूंचं आवडतं खाद्य.

अर्थात, हा फक्त संबंध आहे. आहार बदलला की जनुकं घटतातच, असं यातून सिद्ध होत नाही. मला मात्र त्यातली एक बाब फार मोलाची वाटते: खाण्यातलं वैविध्यही महत्त्वाचं ठरलं. म्हणून आज मटकीची उसळ केलीत, तर उद्या चवळी, परवा मेथीची भाजी, मधूनच जवाची भाकरी करा. आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अँटिबायोटिकची एकही गोळी घेऊ नका.