शिंजीर बागेत यावा म्हणून

हमिंगबर्ड राहतो फक्त अमेरिका खंडांत. आपल्याकडे फुलांतला मध पितो… तो शिंजीर. हमिंगबर्डसाठी टांगतात तशी साखरपाण्याची बाटली त्याच्यासाठी कशाला टांगायची? जास्वंद लावा. शंकासूर लावा. फांदीला धरून तो जास्वंदीच्या बुडाशी बारीक, वाकडी चोच खुपसतो… आणि मध ओढून घेतो. जागा नाही म्हणता? गॅलरीतली कुंडीही चालते.

पण नुसती फुलं पुरत नाहीत, बरं का. पिल्लांना किडे लागतात, कोळी लागतात. मादी घरटंही कोळिष्टकांनी बांधते. म्हणून पुन्हा सांगते… फुलं लावा, आणि किडेही राहू द्या. कीटकनाशक फवारू नका. मावा पडला तर झाड खंगतं, हे खरंच. तेव्हा पाण्याची जोरदार धार मारा… मावा धुऊन निघतो.