गोधडीवर लिहिलेल्या गोष्टी

गोधडी ही पांघरावयाची वस्तु. ती भिंतीवर टांगून वाचावयाची, असें कोणीं सांगितलें असतें तर मीं हंसून सोडून दिलें असतें. पण न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तींत १९३० सालीं जन्मलेल्या फेथ रिंगगोल्ड या कृष्णवर्णीय बाईंनीं तसेंच केलें. १९५५ पासून १९७३ पर्यंत त्या तेथील सरकारी शाळांत चित्रकला शिकवीत. अठरा वर्षें वर्ग सांभाळून स्वतःचें चित्र पुरें करणें म्हणजे काय, हें आम्हां मास्तरमंडळींस निराळें सांगावयास नको.

१९७२ सालीं ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयांत त्यांनीं कापडाची किनार लावलेलीं तिबेटी चित्रें पाहिलीं आणि आपल्या चित्रांसही तशीच किनार लावूं लागल्या. चित्र गुंडाळावें, काखोटीस मारावें, कोणाच्या मदतीवांचून प्रदर्शनास न्यावें! शिवण घरचीच, आई विली पोझी उंची पोषाख बेतून शिवीत. १९८० सालची पहिली गोधडी मायलेकींनीं मिळून केली. पुढच्याच वर्षीं आई वारली.

बाईंनीं आत्मचरित्र लिहिलें, पण प्रकाशक मिळेना. तेव्हां १९८३ पासून त्या कापडी पट्ट्यांवर गोष्ट लिहून ती चित्रासह गोधडींतच शिवूं लागल्या. गोधडी पाहावयास आलेला मनुष्य ती वाचल्यावांचून जातो कोठें? १९८८ च्या ‘टार बीच’मध्यें गच्चीवर निजलेली आठ वर्षांची मुलगी आकाशांत उडते, आणि बापास ज्या कामगारसंघांत प्रवेश नाहीं, त्याची इमारतच आपल्या मालकीची करते. १९९१ सालीं हीच गोष्ट मुलांचें पुस्तक होऊन छापली गेली. अडलेलें आत्मचरित्र निघालें तें १९९५ सालीं.