निवाडा पंचाचा, नोंद गुणलेखकाची
(वासंतिक व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा वृत्तान्त)

पत्रिकेवर विषय छापला होता ‘हौशी खेळातील पंच’. व्याख्यात्यांनी पहिल्याच वाक्यात तो आवळून घेतला: हौशी सॉफ्टबॉलच्या सामन्यात धावांची वही पंचाच्या हाती देऊ नये. हे त्यांचे जुने आणि ठाम मत. समोर क्रीडाशिक्षक, माजी खेळाडू आणि रविवारी पंचगिरी करणारी मंडळी बरीच होती, त्यामुळे ते बिनविरोध मंजूर होणार नाही, हे प्रास्ताविकाच्या वेळी उठलेल्या कुजबुजीवरूनच कळत होते.

सॉफ्टबॉलचा जन्म सर्वांना ठाऊक आहे, असे म्हणून त्यांनी तो भाग झटपट उरकला. १८८७ चा नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगचा दिवस. शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात तरुण मंडळी येल आणि हार्वर्ड यांच्यातल्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसलेली. निकाल आल्यावर कोणीतरी बॉक्सिंगचा हातमोजा भिरकावला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला, आणि जॉर्ज हॅनकॉकने खडूने रेघा आखून खेळ मांडला. तो पहिला सामना ४१-४० असा संपल्याचे सांगतात. व्याख्याते या आकड्यावर थांबले. एक्याऐंशी धावांत एका धावेने विजय! तिथे कोणीतरी मन लावून मोजत बसले असणार, असे ते म्हणाले.

आज अमेरिकेत गावोगावच्या उद्यान विभागांच्या संध्याकाळच्या स्लो-पिच लीग चालतात. पुष्कळ ठिकाणी पंच एकच असतो. पगारी गुणलेखक परवडत नाही, म्हणून यजमान संघाची वही अधिकृत मानतात किंवा धावांचे कामही पंचावरच टाकतात. त्यामागचा युक्तिवाद व्याख्यात्यांनी प्रामाणिकपणे मांडला. पंच तटस्थ असतो; संघाच्या वहीत आपल्या बाजूची एखादी धाव जास्त पडू शकते; शिवाय पंच मैदानावर हजर असतोच. मग हरकत काय?

पहिली हरकत डोळ्यांची. पंचाच्या हातात इंडिकेटर असतो. त्यावर मुख्यतः बॉल, स्ट्राइक आणि आउट मोजले जातात. डोळे मात्र कितीतरी ठिकाणी लागलेले असतात: चेंडूची कमान योग्य उंचीची आहे का, फटका रेषेच्या आत पडला का, रनरने बेस वेळेआधी सोडला का.

इथे त्यांनी फळ्यावर चौकोन काढला. दोन बाद, दुसऱ्या बेसवर रनर. बॅटर जोरदार फटका मारतो. रनर होम प्लेटकडे धावतो, आणि पहिला बेस ओलांडून गेलेला बॅटर दुसऱ्या बेसवर पोहोचण्याआधी टॅग होऊन तिसरा बाद होतो. धाव धरायची की नाही? रनरचा पाय प्लेटला टॅगच्या आधी लागला असेल तर धाव मोजतात, नंतर लागला तर नाही. तिसरा बाद फोर्स आउट असेल, किंवा बॅटर पहिल्या बेसला पोहोचण्याआधीच बाद झाला असेल, तर पाय आधी लागूनही उपयोग नाही. पंचाला एकाच क्षणी दोन टोके पाहायची असतात आणि निर्णय गुणलेखकाला ऐकू जाईल असा मोठ्याने द्यायचा असतो. धाव झाली का, हे पंच ठरवतो. ती किती नंबरची, ते दुसऱ्याने लिहावे.

दुसरी हरकत अधिक बारीक आहे. बॅटर ठरल्या क्रमाबाहेर खेळायला आला, तर ते दाखवून देणे प्रतिस्पर्धी संघाचे काम. बेसबॉलचे नियम या बाबतीत स्पष्ट आहेत: पंचाने कोणाचे लक्ष वेधायचे नाही, अधिकृत गुणलेखकानेही नाही. पुढच्या बॅटरला चेंडू टाकला गेला की आधीची चूक पचून जाते आणि झालेला खेळ वैध ठरतो. आता पंचाच्याच हातात फलंदाजीच्या क्रमाची वही असेल, तर त्याला चूक स्वच्छ दिसते आणि तरीही गप्प बसावे लागते. उद्या हरलेला संघ विचारणार, तुम्ही तर लिहीत होतात, मग बोलला का नाहीत?

पहिल्या रांगेतले एक निवृत्त क्रीडाशिक्षक उठले. आपण वर्षानुवर्षे दोन्ही कामे केली, एकदाही भांडण झाले नाही, असे त्यांनी सुनावले. टाळ्या पडल्या. व्याख्यात्यांचा स्वर किंचित चढला. प्रश्न पंचाच्या कुवतीचा नाही, असे त्यांनी दोनदा सांगितले आणि मग ते क्रिकेटकडे वळले. सॉफ्टबॉल-बेसबॉलचे गुणलेखन क्रिकेटला परके नाहीच. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर रुजवणारा हेन्री चॅडविक हा इंग्लंडात जन्मलेला आणि आधी क्रिकेटचे वार्तांकन करणारा पत्रकार होता. क्रिकेटच्या कायद्यात दोन गुणलेखक सांगितले आहेत. पंचाने केलेल्या प्रत्येक खुणेला त्यांची पोच मिळेपर्यंत त्याने खेळ पुढे जाऊ द्यायचा नसतो. धावसंख्या बरोबर असल्याची खात्री करणे मात्र पंचाचीच जबाबदारी.

पोच वेळेवर मिळाली नाही तर काय होते, हे सांगताना ते इंग्लंडातल्या लेटनच्या सामन्याकडे गेले आणि तिथेच रमले. जून १९३२, एसेक्स विरुद्ध यॉर्कशायर. पर्सी होम्स आणि हर्बर्ट सटक्लिफ यांनी सलामीला ५५५ धावा जोडल्या. आधीचा विक्रम ५५४ चा, तोही यॉर्कशायरच्याच ब्राउन आणि टनिक्लिफ यांचा, १८९८ मधला. फलकावर ५५५ लागले, त्यानंतर सटक्लिफ लगेच त्रिफळाचीत झाला आणि यॉर्कशायरने डाव घोषित केला. दोघे फलकाखाली फोटोसाठी उभे राहतात न राहतात, तोच फलक मागे सरकून ५५४ झाला! धावपळ उडाली. मग एक नो-बॉल नोंदवायचा राहिल्याचे आढळले आणि आकडा पुन्हा ५५५ वर गेला. होम्स नाबाद २२४, सटक्लिफ ३१३. त्या नो-बॉलबद्दलची शंका मात्र अजूनही चर्चेत निघते. खरी असो वा नसो, ती धाव घडली त्याच क्षणी ताळा झाला असता तर शंकेला जागाच उरली नसती.

“आपले भाऊसाहेब निंबाळकर!” मागून कोणीतरी ओरडले. पुणे, १९४८, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या ४५२ पासून नऊ धावा दूर: ती हळहळ इथे कोणाला नव्याने सांगायला नको, असे म्हणत व्याख्यात्यांनी हात जोडले. सभागृह हसले. तेवढ्यात अध्यक्षांची चिठ्ठी आली: दहा मिनिटे.

पुढचा भाग भरभर झाला. कबड्डीत सरपंच आणि पंच यांच्या जोडीला गुणलेखक आणि त्याचे साहाय्यक असतात. खो-खोतही पंचांखेरीज वेळाधिकारी आणि गुणलेखक वेगळे. आपल्या मातीतल्या खेळांना ही विभागणी परकी नाही, तर सॉफ्टबॉलच्या मैदानावरच ती महाग का वाटावी? माणूस कुठून आणायचा, या प्रश्नावर त्यांचे उत्तर तयार होते. फलंदाजी करणाऱ्या संघातले बहुतेक जण बाकावरच असतात, आणि दुसऱ्या संघाकडे निदान एखादा राखीव असतो. दोन्ही संघांचा एकेक जण एकाच बाकावर शेजारी बसवावा. प्रत्येक अर्ध्या डावानंतर पंचाने त्यांच्याकडे वळून धावा विचाराव्यात, दोन्ही वह्या जुळल्या की आकडा मोठ्याने सांगावा, आणि मगच पुढचा चेंडू पडू द्यावा. पंचाने लाइनअप कार्डावर डावागणिक धावा टिपल्या तर चालेल, पण पडताळ्यापुरत्याच.

वह्या जुळल्या नाहीत तर? व्याख्यात्यांनी फळा पुसून तिथे बेसबॉलच्या गुणलेखकांची जुनी रीत लिहिली. जितके बॅटर खेळायला आले, तितकीच बेरीज धावा, बाद आणि बेसवर उरलेले रनर मिळून यायला हवी. सात बॅटर आले, तीन बाद झाले, दोन बेसवर राहिले, तर धावा दोनच. एका वहीत तीन असतील तर ती वही चुकली, आणि कोणत्या बॅटरपाशी चुकली ते नाव-नाव तपासले की सापडते. निवृत्त क्रीडाशिक्षकांनी डायरी काढून हे उतरवून घेतले.

वेळ संपली होती. तरी एका कॉलेजच्या खेळाडू मुलीने हात वर केला: टायब्रेकरमध्ये डाव सुरू होतानाच दुसऱ्या बेसवर रनर उभा करतात, तो बॅटर म्हणून आलेला नसतो, मग बेरीज कशी जमणार? व्याख्याते खूश झाले. तो रनर आलेल्या बॅटरांमध्ये एक म्हणून मिळवायचा, असे सांगून त्यांनी तिला फळ्याजवळ बोलावले आणि अध्यक्ष आभार मानत असतानाच खडू तिच्या हातात दिला.