वही ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कपाशीच्या मेळाव्यात कॉम्प्युटरचा विषय कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण आपला कापूस गाडीतून उतरला की त्याचा पुढचा बराच प्रवास आज याच यंत्राच्या हिशेबाने होतो.

पूर्वी कारखान्यात खरेदीची वही वेगळी, गोदामाची वेगळी, विक्रीची वेगळी. एकीचा दुसरीशी मेळ नसे. १९७२ साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच इंजिनियरांनी जर्मनीत सॅप ही कंपनी काढली. कल्पना साधी : सगळ्या वह्यांची एकच वही. दुकानात सदरा खपला की गोदामाला कळते, कारखान्यालाही कळते. पुढे किती खपेल, सूत किती लागेल, गाठी कधी उचलायच्या, याचे गणित यंत्र मांडते.

हे यंत्र म्हणजे ब्रह्मदेव नव्हे. अमेरिकेतल्या हर्षे या चॉकलेट कंपनीने ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून अशी व्यवस्था बसवली आणि १९९९ साली, सणाच्या मालाची मागणी येण्याच्या वेळीच ती सुरू केली. भर पेरणीत नवी तिफण जुंपावी तसे झाले. बराचसा माल तयार होता. पण मागणी आणि माल यांची गाठ पडेना. सुमारे १० कोटी डॉलरचा माल वेळेवर पोचला नाही.

तरी कंपन्यांनी वही टाकून दिली नाही. या साखळीत वहीशिवाय उभा आहे तो फक्त शेतकरी. १७० किलोच्या एका गाठीला सुमारे ५ क्विंटल कापूस लागतो. रुईचा भाव काय, सरकीचा काय, हे जिनवाल्याला ठाऊक. आपण मात्र बाजारात गाडी उभी करून विचारतो, ‘आज काय भाव?’

२००० साली आयटीसीने मध्य प्रदेशात सोयाबीनसाठी ई-चौपाल सुरू केली. घरून निघण्याआधीच भाव कळू लागला. पुढे झालेल्या अभ्यासात तिथल्या मंड्यांत सोयाबीनचा भाव १ ते ३ टक्के चढलेला दिसला. कंपनीने उपकार केला नाही, तिला माल हवा होता. पण नुसत्या माहितीने एवढा फरक पडतो.

उलटेही तितकेच खरे. कुणाच्या घरात किती कापूस, किती ज्वारी पडून आहे, हे खरेदीदाराला आधी कळले तर भाव पाडायला तेवढे पुरे. म्हणून मोबाईलवर कुणी पिकाची माहिती भरून मागितली तर विचारा : ही जाणार कुठे? बदल्यात मला काय कळणार?

आणि गावाची वही आपण लिहू या. पेरा किती, उतारा किती, शिल्लक किती, रुई-सरकीचा भाव काय. साधी शाळेची वही चालेल. ती गावाकडेच राहील. पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने ती सोबत आणावी.