कवटीतला भेद आणि घाटातले आजारपण



वंशश्रेष्ठत्वाचे शास्त्र त्याच्या स्वतःच्या घरात खोटे ठरवण्याचे काम एका मराठी विदुषीने केले होते. १९२७ साली बर्लिनमध्ये कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली इरावती कर्वे संशोधन करीत होत्या. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी आणि म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ, हे सिद्ध व्हावे अशी गुरूंची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिले की, कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध आढळत नाही. हेच फिशर पुढे नाझींच्या वंशशुद्धीच्या धोरणाला विद्वत्तेचा मुलामा देत राहिले!

मायदेशी परतल्यावरही इरावतीबाईंच्या हातची मोजपट्टी सुटली नाही, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. परंतु १९६९ साली जाई निंबकर यांच्यासह त्यांनी कोयना धरणग्रस्तांची पाहणी प्रसिद्ध केली. तेथे प्रश्न कवटीचा नव्हता. उठवलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हा होता.

आरोग्याबाबतही हीच दिशा धरावी लागते. अमेरिकेत काळ्यांच्या अधिक मृत्यूंचे खापर त्यांच्या रक्तावर फोडले जाई. डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांनी १९०६ साली दाखवून दिले की, कारण दारिद्र्यात आणि राहणीच्या परिस्थितीत आहे.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या आजारपणाला आजही ‘अडाणीपणा’ हे सोपे नाव मिळते. हा जुन्या वंशवादाचाच सभ्य अवतार होय. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात अनुसूचित जमातींत हजार जन्मांमागे ५७ बालके पाच वर्षांच्या आत दगावत होती. कोणत्याही आरक्षित प्रवर्गात न मोडणाऱ्यांत सुमारे ३९. हा फरक कोणत्या कवटीत सापडणार?

तो जमिनीत सापडतो. घोड नदीवरील डिंभे धरणाने जुने आंबेगाव गावच पाण्याखाली घेतले. पाणी गेले पूर्वेच्या बागायतीला. ज्याची भातखाचरे बुडाली त्याने हिरडा वेचावा, मजुरीला उतरावे आणि पोर तापाने फणफणले की घाटातून वाहन शोधावे. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळून १५१ माणसे गेली, तेव्हा कुठे या खोऱ्याकडे देशाचे लक्ष वळले.

भर पावसात आहुप्याहून बाळंतिणीला घोडेगावला पोचवण्यास किती तास लागतात, दवाखान्यात डॉक्टर किती दिवस हजर असतो, रेशन कोणत्या महिन्यात चुकते, याची नोंदवही कार्यकर्त्यांनी वाडीवाडीत ठेवावी आणि ती तहसीलदारांच्या टेबलावर नेऊन ठेवावी.