परतीच्या तिकिटाचा हिशेब

(सोनई येथील तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण)



तुम्ही पुण्या-मुंबईहून इथं आलात. एस्टीतल्या निम्म्या माणसांना शिंगणापूरला जायचं असणार. त्यांच्या लेखी सोनई म्हणजे शनीच्या वाटेवरचा एक थांबा. तिथं घरांना दारं नाहीत, याचं जगभर कौतुक चालतं. पण बाईला त्या चौथऱ्यावर पाय ठेवायला एप्रिल २०१६ उजाडावा लागला, तोही हायकोर्टाची पायरी चढून. दार नसलं म्हणजे वाट मोकळी असते, असं कुणी समजू नये.

मला विषय दिलाय : परदेशात शिकवणारी आपली पोरं परत येणार की नाही? मी इंग्लंडात शिकवतो. वर्षातले नऊ महिने तिकडं, तीन महिने इकडं. इकडं आलो की नेवासा, राहुरी, शेवगावच्या पोरापोरींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेतो. गावातले आबा विचारतात, "आता कायमचा कवा येतूस?" तिकडचे सहकारी विचारतात, "अजून परत का जातोस?" दोघांना एकच उत्तर देता येत नाही. म्हणून आज हिशेबच मांडतो.

हिशेबाची सुरुवात बापापासून करू. १९१३ साली बाबासाहेब सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. दरमहा साडेअकरा पौंड. बदल्यात बडोद्यात दहा वर्षं नोकरीचा करार. मे १९१६ मध्ये त्यांनी तिथल्या परिसंवादात भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. वय पंचवीस. पुढं लंडनला गेले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर शिक्षण अर्धवट टाकून १९१७ साली करार पाळायला बडोद्याला आले. काय मिळालं? राहायला खोली मिळाली नाही. नाव लपवून पारशाच्या सरायीत उतरावं लागलं आणि तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावानं बाहेर काढलं. कचेरीतला शिपाई कागद लांबून टाकायचा. एवढी मोठी विद्या घेऊन आलेला माणूस कमाठी बागेत झाडाखाली बसला. मग मुंबईला सिडनहॅम कॉलेजात १९१८ ला प्राध्यापक झाले. पगार चांगला, शिकवणं उत्तम, विद्यार्थी खूश. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातलं पाणी त्यांनी घेऊ नये, यावर काही विद्वानांचा कटाक्ष!

आता पुढचं बघा. जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' निघाला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. आणि त्याच वर्षी नोकरी सोडून हा माणूस साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज यांच्या जिवावर पुन्हा लंडनला गेला. चळवळ नुकती उभी राहत होती. आजचा एखादा कडवा कार्यकर्ता असता तर म्हणाला असता, "साहेब पळाले." साहेब पळाले नव्हते. १९२३ ला बॅरिस्टरी घेऊन आले, त्याच वर्षी डीएस्सी मिळवली, १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, १९२७ ला महाडच्या तळ्यावर गेले. पोट न भरता लंडनच्या ग्रंथालयात घालवलेले तास महाडच्या पाण्यात दिसतात.

म्हणून जाणं विरुद्ध राहणं हे भांडणच खोटं आहे. खरा सवाल असा : जाताना काय घेऊन जातोस, येताना काय घेऊन येतोस, आणि कुणाच्या जिवावर?

जाताना मी काय नेलं ते सांगतो. सोनई नेली. तिकडं आपल्याच मुलखातला एक गृहस्थ भेटला. "गाव कोणतं?" सोनई. "वा, शनिमहाराजांचं! आणि पूर्ण नाव?" पूर्ण नाव सांगितलं. हसू तेवढंच राहिलं, पण जेवायचं आमंत्रण ओठांपर्यंत येऊन परत गेलं. विमानात पासपोर्ट तपासतात, जात तपासत नाहीत. ते काम आपली माणसं उतरल्यावर करतात.

आणि सोनई म्हटलं की मला शनी आठवत नाही. १ जानेवारी २०१३ आठवते. मेहतर समाजाचे तीन तरुण. एका शिक्षणसंस्थेत सफाईचं काम करणारे. त्यांतल्या एकाचं प्रेम त्याच संस्थेत शिकणाऱ्या मराठा मुलीवर. सेप्टिक टँक साफ करायचाय असं सांगून तिघांना बोलावलं आणि मारलं. एकाचं मढं टाकीत, दोघांचे तुकडे करून विहिरीत. जगण्याचा धंदा जो, तोच मरणाचा सापळा. खटला नाशिकला चालला. जानेवारी २०१८ मध्ये सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली. पुढच्या वर्षी आपल्याच जिल्ह्यात खर्ड्याला शाळकरी पोराला मारलं, एप्रिल २०१४ मध्ये. तिथले आरोपी नोव्हेंबर २०१७ मध्ये सुटले. साक्षीदार फिरले की न्याय फिरतो. आणि गंमत ऐका : हातानं मैला साफ करण्याच्या प्रथेला बंदी घालणारा नवा कायदा ज्या दिवशी लागू झाला, तो दिवस ६ डिसेंबर २०१३. सोनईनंतर अकरा महिन्यांनी.

मी वर्गात हे शिकवतो. तिकडची गोरी पोरं गप्प होतात. एकदा एका पोरीनं विचारलं, "शाळा होती ना ती? मग शाळेत काय शिकवलं जात होतं?" मित्रहो, ह्या प्रश्नाचं उत्तर सोनईनं द्यायचंय, मी नाही.

आता तिकडचं राज्य धुतल्या तांदळासारखं आहे असंही समजू नका. ब्रिटिश पार्लमेंटनं २०१३ मध्ये समतेच्या कायद्यात जात घालायची तरतूद केली. २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं माघार घेतली, कोर्टाचे निवाडे पुरेसे आहेत म्हणून. अमेरिकेत २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहरानं जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसाच कायदा मंजूर केला, तर गव्हर्नरनं तो परत पाठवला. विरोधाला कोण उभं होतं? आपलेच भाऊबंद, टिळे लावून. बाहेर गेलेला प्रत्येक भारतीय आपल्या बाजूचा नसतो. म्हणून तिथं आपलं कुणीतरी उभं असायला पाहिजे. हा तिकडं राहण्याचा एक खरा फायदा आहे आणि मी तो नाकारत नाही.

मग परत यायचं का? यायचंच. पण कुठं? इथल्या एका संस्थेत मी प्राध्यापकाच्या जागेसाठी गेलो होतो. मुलाखत झाली. विषयाचे प्रश्न दोन, बाकी सगळं आकड्यांचं. आकडा माझ्या आईच्या आयुष्यभराच्या मजुरीपेक्षा मोठा होता. नाही जमणार? मग तासिका तत्त्वावर या. म्हणजे तासाला पैसे, सुट्टीत उपाशी, पुढच्या जूनला पुन्हा दारात उभं. आपली पीएचडी झालेली किती पोरं पाच-पाच, दहा-दहा वर्षं अशी तासावर जगतायत ते तुमच्या पुण्यात जाऊन बघा. बिंदुनामावलीत जागा असते, जाहिरातीत नसते. जाहिरातीत असते तर "योग्य उमेदवार मिळाला नाही" असा शेरा असतो. केंद्रीय विद्यापीठांत तेरा बिंदूंची नामावली आणून आमच्या जागा गिळायचा डाव झाला, तेव्हा मार्च २०१९ मध्ये देश रस्त्यावर आला आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. रस्त्यावर आलो म्हणून मिळालं. अर्ज-विनंतीनं नाही.

तेव्हा आम्हाला "देशद्रोही, डॉलरला भुलले" म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं : दार तुम्ही बंद ठेवायचं आणि आत का येत नाही म्हणून आम्हालाच विचारायचं?

दार बंद करायची नवी तऱ्हा ऐका. केंद्राची परदेश शिष्यवृत्ती आहे. १२५ जागा, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींना. फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम बदलला. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातल्या समाजावरचं संशोधन ह्या विषयांना आता पैसा नाही. म्हणजे काय? दलित पोरानं सरकारी पैशानं यंत्र शिकावं, औषध शिकावं, पण जात शिकू नये! १९१६ चा बाबासाहेबांचा निबंध ह्या नियमात बसला नसता. संस्थानिकाला जी भीती वाटली नाही ती लोकशाहीतल्या सरकारला वाटली.

आता देण्याघेण्याकडं येतो. मार्च १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलची वेदना बोलून दाखवली. शिकून हे समाजाच्या कामाला येतील वाटलं होतं, पण हे आपलंच पोट भरायला लागले. ते वाक्य आपण दर जयंतीला भाषणात वापरतो आणि टाळ्या घेतो. टाळ्या देणारे आणि घेणारे दोघेही शिकलेलेच असतात.

उलट वाटेनं आलेलं माणूसही आठवा. गेल ऑम्व्हेट. अमेरिकेत जन्म, बर्कलेची पीएचडी, विषय महाराष्ट्रातली ब्राह्मणेतर चळवळ. तिकडं प्राध्यापकी करत सुखानं म्हातारी होता आली असती. ती सांगली जिल्ह्यात कासेगावला येऊन राहिली, भारताची नागरिक झाली, परित्यक्ता बायकांच्या आणि पाण्याच्या लढ्यात उतरली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिथंच गेली. आणि आपल्या बुलढाण्याचा राजू केंद्रे. शेतकरी घरातला. लंडनला शिकून आला आणि एकलव्य नावाची संस्था चालवतो, पहिल्या पिढीतल्या पोरांना मोठ्या विद्यापीठांत पोचवायला. ह्यांनी त्यागाची जाहिरात केली नाही. काम केलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. परदेशी गेलेल्यांचे हारतुरे बंद करा. आम्हाला कामाला लावा. दर वर्षी एक महिना तालुक्याला द्यायचा, फित कापायला नाही, अर्ज भरायला. जातीचा दाखला, जातवैधता, उत्पन्नाचा दाखला ह्यांत पोरांचं अख्खं वर्ष जातं. हेतुपत्र कसं लिहायचं, शिफारसपत्र कुणाकडं मागायचं, हे बामणाच्या घरात जेवताना कळतं. आपल्या वस्तीत कोण सांगणार? आपणच. जो गेला त्यानं मागच्या दोघांना न्यायचं. त्यातली एक पोरगी असलीच पाहिजे. तिकडं शिकवणाऱ्यानं वर्गात सोनई शिकवायची, खर्डा शिकवायचा, लाजायचं नाही. आणि इकडं राहिलेल्यांनी बिंदुनामावली घेऊन प्रत्येक कॉलेजच्या फाटकावर उभं राहायचं : आमच्या जागा किती, भरल्या किती, लेखी द्या.

माझा करार पुढच्या जूनला संपतो. ह्या जिल्ह्यात एक जागा पैसे न देता, कायद्यानं, जाहिरातीनं भरली गेली, तर त्या अर्जदारांच्या रांगेत मी असेन. माझी निवड झाली नाही, दुसऱ्या कुणा आपल्याची झाली, तरी हरकत नाही. जागा खुली झाली पाहिजे. ती खुली करायचं काम मला एकट्याला जमणारं नाही. म्हणून तुम्हाला इथवर बोलावलंय.

उद्या सकाळी तुमच्यातले काही शिंगणापूर बघायला जातील. जा. पण आधी त्या तीन पोरांच्या नावानं दोन मिनिटं उभे राहा. मग शिबिराच्या टेबलावर कोरे अर्ज ठेवलेत, त्यांना हात लावा.

जयभीम.